सही कोणाच्या नावानं?

"काऊन वं मास्तरीणबाई, काल दुपारी टीव्हीपुढे बसून रडत होती म्हने तू?"

पऱ्हाट्यांच्या कुंपणापलीकडून काकूंचा हा प्रश्न आला आणि भांडेवालीनं आपलं काम चोख केल्याचं मला समजलं. पांढुर्ण्यात बातमी दोन वाटांनी फिरते. एक वाट भांडेवाली, दुसरी काकू. पहिली वाट दुसरीलाच येऊन मिळते.

मी म्हटलं, रडत नव्हते, कांदा चिरत होते.

"कांदा चिरता चिरता 'आशिकी टू' पाहात होती," काकूंनी दुरुस्ती केली. "मीबी पाहात होती. बरोबर तो पोट्टा मार खाते तिथीसा लाइन गेली. आता पुढचं सांग."

पोळा होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशीची गोटमारही झाली होती आणि काकूंच्या नातवाच्या कपाळावर अजून पट्टी होती. तो दगड मारायला नाही, नुसता पाहायला गेला होता. दरवर्षी सगळे पाहायलाच जातात. काकूंच्या हातात वालाच्या शेंगा होत्या, म्हणजे तासाभराची निश्चिंती.

मग मी पहिल्यापासून सुरू केलं. राहुल जयकर नावाचा मोठा गायक. नाव झालंय, पैसा आलाय आणि आता दारू आलीय. गोव्यातल्या एका बारमध्ये त्याला आरोही शिर्के भेटते, त्याचंच गाणं गाताना.

"थांब. शिर्के? शहाण्णव कुळीतल्या शिर्क्यायची पोर बारमंधी गाते?"

काकू, सिनेमा आहे.

"सिनेमा असला तरी आडनाव तं लावलं ना त्यायनं. बरं, पुढे."

बारच्या भिंतीवर लता मंगेशकरांचा फोटो असतो. गाता गाता ती पोरगी त्या फोटोकडे पाहते आणि हिला काय व्हायचंय ते राहुलला कळतं. मला विचाराल तर सगळ्या सिनेमात मोलाची जागा तीच. कोणी काही बोलत नाही, पण पोरीची भूक दिसते. तो तिला म्हणतो, नोकरी सोड, मुंबईला चल, तुला मोठी गायिका करतो. ती सोडते. इकडे त्याला गुंड मारतात, तो दवाखान्यात पडतो आणि ती मुंबईत फोन लावत बसते.

"हे बरोबर दाखोलं," काकू म्हणाल्या. "पोरगी नोकरी सोडते अन् पोट्टा फोन उचलत नाई. त्याच्यासाठी गुंड पायजेच असं नाई." मग शेंगेची शीर ओढत, "लताबाईचा फोटो लावला म्हंजे गोव्याच्या लोकायले अक्कल हाये. पन लता जन्मली कुठं?"

इंदुरात, 28 सप्टेंबर 1929.

"म्हंजे आपल्या एमपीत! अन् ह्या सिनेमातल्या पोरीचा गळा कोनाचा?"

श्रद्धा कपूर फक्त ओठ हलवते, मी सांगितलं. तिची आई कोल्हापुऱ्यांची, आजोबा पंढरीनाथ कोल्हापुरे गवई, घराणं मंगेशकरांच्या नात्यातलं. पण या सिनेमात तिच्यासाठी श्रेया घोषाल आणि पलक मुच्छल गायल्यात. पलकही इंदूरचीच. लहानपणी कारगिलच्या जवानांसाठी दुकानादुकानातून गाऊन पैसे गोळा करणारी ती हीच. पुढे गाण्याच्या कमाईतून तिनं कितीतरी लेकरांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करून दिल्या.

"पाय बरं. एमपीनं गळे द्याचे अन् मुंबईनं नाव कमवाचं." काकूंचं माहेर सौंसरकडचं, त्यामुळे एमपीचा अभिमान त्यांना सोयीनं येतो. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर काढून नवा जिल्हा केला आणि त्याला पांढुर्ण्याचं नाव दिलं, तेव्हा मात्र त्या आठ दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हत्या.

पुढची गोष्ट मी भरभर उरकली, कारण सिनेमानंही तिथं तिचं सगळं भरभरच उरकलंय. आरोही मोठी होते. राहुलची दारू वाढते. लोक काहीबाही बोलतात. ती गाणं बाजूला ठेवून त्याला सावरायला बसते. आपण हिच्या पायातली बेडी झालो असं त्याच्या मनानं घेतलं आणि तो पुलावरून उडी मारून जीव देतो. ती गाणं सोडायला निघते. मॅनेजर समजावतो की त्याला हे आवडलं नसतं. मग ती परत स्टेजवर उभी राहते.

"अन् खतम?"

नाही ना. शेवटी पाऊस पडत असतो. एक चाहता सही मागतो. ती सही करते, आरोही राहुल जयकर. लग्न झालेलं नाही, माणूस गेलेला आहे आणि ही सही त्याच्या नावानं करते. तिथं मी चिडले.

"चिडली का रडली?"

दोन्ही.

काकू हसल्या नाहीत, याचं मला नवल वाटलं. शेंगांचं ताट बाजूला सारून त्या कुंपणाला लागून उभ्या राहिल्या. "तिनं प्रेमानं लिवलं. तुह्या बापाचं काय जाते?"

माझं काय जातं ते मी सांगितलं. दोन-अडीच तास सिनेमा म्हणतो, ही पोरगी स्वतःचा गळा शोधतेय. पण मोजून पाहा, तिचा रियाज किती दिसतो आणि त्याची बाटली किती. तिची गाणी कोण लिहितं, कोण बांधतं, याचा तर पत्ताच नाही. पडद्यामागं पाहिलं तर मिथुन, जीत गांगुली आणि अंकित तिवारी यांच्या चाली, शब्द इर्शाद कामिल, संदीप नाथ, संजय मासूम आणि पुन्हा मिथुन यांचे. शब्द पुरुषांचे, चाल पुरुषांची, बाईचा फक्त गळा. आणि तो गळा सापडला तर सहीतलं आडनाव गेलं.

"सगळे मानसंच हायेत? एकबी बाई नाई?"

आहे, आणि तिचीच गोष्ट मला जास्त भारी वाटते. सिनेमा लिहिलाय शगुफ्ता रफीक यांनी. लेखिका होण्याआधी आपण बारमध्ये गात होतो हे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून उघड सांगितलंय. दुबईतही गायल्या. तिथून निघून त्या महेश भट्टांच्या कंपनीत लिहायला लागल्या आणि पाट्यांमध्ये त्यांचं नाव येऊ लागलं. बारमध्ये गाणारी, पुढे स्वतःची वाट सापडलेली खरी बाई पाहायची तर ती पडद्यावर नाही, पाटीवर आहे.

काकू क्षणभर गप्प. मग जो प्रश्न आला तो मला सुचला नव्हता. "मंग सोताचं नाव पाटीवर टाकलं, अन् त्या पोरीले दुसऱ्याची सही काऊन कराले लावली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी 'अभिमान' काढला. गप्पांत अडचण आली की जुना सिनेमा काढावा.

'अभिमान' 1973 चा, हृषीकेश मुखर्जींचा. काकूंनी तो नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन पाहिलेला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्यात जया भादुरी आमची जबलपूरची. हा एमपीचा हिशोब काकूंनी लगेच मांडला. गावातली साधी पोर, गवयाच्या घरची. शहरातला नावाजलेला गायक तिच्याशी लग्न करतो, हौसेनं तिला गायला लावतो आणि लोकांना तिचं गाणं जास्त आवडायला लागल्यावर त्याचं तोंड उतरतं.

"पोटातलं लेकरू गेलं तिचं अन् ह्याचा रुसवा जाईना," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांचा राग ताजा होता. "घरी येताना मी तुह्या काकाजीले ईचारलं, मी तुमच्याहून चांगलं गायली असती तं? ते म्हने, तू गातेस कुठं? म्या म्हटलं, तेच तं."

त्या 'अभिमान'मध्ये एक श्लोक आहे, जयाच्या तोंडी. तो गायला होता एका नवख्या मुलीनं, अनुराधा पौडवालांनी. सिनेमातलं त्यांचं ते पहिलं गाणं. नवरा अरुण पौडवाल तेव्हा सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली होता. त्याच अनुराधाबाईंनी पुढे 1990 ची पहिली 'आशिकी' गाजवली आणि फिल्मफेअर घेतलं. म्हणजे जी 'आशिकी टू' पाहून मी रडले, तिच्या थोरल्या बहिणीचा गळा आपल्या मराठी घरातला. आणि बाई लग्नाआधी कोण? अलका नाडकर्णी. नाव आणि आडनाव, दोन्ही नवीन.

"त्यात काय. माहं नाई बदललं? तांदळात लिवलं न माह्या नवऱ्यानं, अंगठीनं. ताटात तांदूळ, त्यात नवं नाव. पाहुनेमंडळीनं वाचलं अन् टाळ्या वाजोल्या. दुसऱ्या दिवशी सासूनं तेच तांदूळ खिचडीत टाकले." काकू आता हसल्या. "सौंसरात मी येक हाये, पांढुर्ण्यात दुसरी. कोनी जुन्या नावानं हाक मारली तं मी मागं वळून पाहातबी नाई आता. माहेरची म्हातारी मानसं गेली, नावबी त्यायच्यासंग गेलं."

याला चिडायचं की नाही हे मला कळेना. काकूंना दुःख झालेलं दिसत नव्हतं. त्या शेंगा सोलायला परत बसल्या.

माझी लेक नागपूरला शिकते. सुट्टीत आली होती तेव्हा तिनं यावर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी काकूंना ऐकवली. हॉलिवूडमध्ये 'अ स्टार इज बॉर्न' नावाचा सिनेमा आहे. तो एकदा करून त्यांचं पोट भरलं नाही. 1937, 1954, 1976 आणि 2018, असा चारदा केला. गोष्ट तीच, 'आशिकी टू'ची. दारुडा मोठा कलाकार, वर येणारी पोर, त्याचं जाणं. पहिल्या दोन सिनेमांत ती शेवटी लोकांपुढे उभी राहून आपली ओळख सांगते ती फक्त मिसेस अमुक म्हणून. 1976 ला बार्ब्रा स्ट्रायसँड होती. तिची नायिका स्वतः गाणी रचणारी. तिथं शेवटी माहेरचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही आडनावं पुकारली. एवढी प्रगती झाली. 2018 ला लेडी गागा आली. हॉटेलात वाढपी, रात्री स्वतःची गाणी लिहिणारी. आता काळ बदलला म्हणावं, तर ती शेवटी स्टेजवर पुन्हा नवऱ्याच्याच आडनावानं आपली ओळख सांगते.

"म्हंजे गोऱ्या बायायचंबी तसंच."

तसंच. फरक एक. स्ट्रायसँडनं त्या सिनेमातल्या गाण्याची चाल स्वतः बांधली होती आणि त्यासाठी ऑस्कर घेतलं. चालीसाठी ते मिळालेली ती पहिली बाई. गागालाही 2018 च्या गाण्याला मिळालं. पडद्यावर नवऱ्याचं आडनाव, बक्षिसावर स्वतःचं. शगुफ्ताबाईंसारखंच म्हणा.

"तू लय दूर चालली," काकू म्हणाल्या. "परवाचीच गोष्ट घे. जाम नदीत दगडं चालले होते ते कायच्यापायी?"

सांगायला नको होतं, पण काकूंना सांगायचं असतं तेव्हा त्या विचारतात. पांढुर्ण्याचा पोरगा, सावरगावची पोरगी. पळून निघाले. नदीच्या मधोमध आले आणि सावरगाववाल्यांनी दगडं सुरू केले. पांढुर्णेवाल्यांनी इकडून. त्यात दोघंही गेले, असं सांगतात. तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा आणि दोन्ही काठांवरून गोटे. प्रशासनानं मधे रबरी चेंडूही देऊन पाहिले. कोणाला पसंत पडले नाहीत. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. माणसं मात्र दरवर्षी फुटतात आणि काही वर्षी जीवही गेलेत. प्रेमाची म्हणून जी गोष्ट सांगायची, तिचा वर्धापनदिन आपण डोकी फोडून करतो.

"आता सांग, त्या पोरीचं नाव काय?"

कोणालाच माहीत नाही.

"पोट्ट्याचं?"

तेही नाही.

"मंग? दोघायचंबी नाई. तरी येवढी गर्दी जमते. नावाचं काय लोनचं घालाचं हाये?"

इथं मी अडकले, कारण काकूंनी माझ्याच गोष्टीनं मला गाठलं होतं. पण त्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी भुलाबाई काढली. भादव्याच्या पुनवेला ती बसेल, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन दारोदार गाणी म्हणतील आणि शेवटी डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय खिरापत मिळणार नाही. सासरचा जाच, माहेरचा मुऱ्हाळी, सगळं त्या गाण्यांत. ती कोणी केली? पोरींनी. कोणत्या पोरींनी? पत्ता नाही.

"येक मी केलंय," काकू सहज म्हणाल्या.

काय?

"हौ. लहानपनी. सासू भुलाबाईले संत्र्याच्या बागेत फळं वेचाले धाडते अन् ते फळांच्या खाली माहेरले चिठ्ठी लपवून पाठोते, असं. अजून गातात सौंसरकडे. माह्या नातीच्या शाळेत गायलं मागच्या वर्षी. बाई म्हने, हे पारंपरिक गाणं हाये. म्या म्हटलं, हौ बाई, पारंपरिकच हाये."

काकूंचं मी निम्मं खरं धरते. यातलं कोणतं निम्मं धरावं ते कळेना. पण संत्र्याखालची चिठ्ठी दुसऱ्या कोणाला सुचली असेल असंही वाटत नाही. संत्री इथं, पेटीत घालून दूर जाणारी संत्रीही इथलीच.

सांगितलं का नाही मग, मी म्हटलं.

"सांगून काय, बोर्डावर लिवतीन? अन् लिवलं तं कोनतं नाव लिवतीन? ते का हे?"

मग मी त्यांना आनंदघनची गोष्ट सांगितली. साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या मराठी सिनेमांना आनंदघन नावाचा संगीतकार चाली द्यायचा. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'साधी माणसं'ला राज्य सरकारचं संगीताचं बक्षीस मिळालं. समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं, तर कोणी उठेना. लता मंगेशकर आपल्या खुर्चीत शांत बसलेल्या. शेवटी सूत्रधारानं सांगून टाकलं की आनंदघन म्हणजे याच बाई. ज्या नावावर देश गाणी ऐकत होता, ते नाव चालींना लावायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आणि लता हे तरी पहिलं नाव कुठं? पाळण्यातलं नाव हेमा होतं.

काकूंना ही गोष्ट फार आवडली. इतकी, की शेंगांचं ताट सूनबाईला नेऊन दिलं आणि कुंपणातून हात घालून माझा हात धरला. म्हणजे आता खरी बातमी येणार. आतापर्यंतचं सगळं, आरोही, जया, गागा, ही नुसती फोडणी होती.

"कोनाले सांगू नोको."

मी कोणाला सांगणार, काकू? मला सांगून झालं की सांगायला उरतं कोण?

"माह्या बहिनीची नात, सौंसरची, बीएस्सीवाली. ते गाने लिवते. हिंदी-मराठी मिळवून, आपन बोलतो तसं. मोबाइलवर टाकते. नाव नाई, तोंड नाई, नुसतं येक संत्र्याचं चित्र."

मग तुम्हाला कसं कळलं?

"गानं चालू असते न, मधातच मागून माही बहीन वरडते, 'अवं दूध उतू गेलं!' म्या तो आवाज साठ वर्सं ऐकला. पोट्टीनं ते कापलंबी नाई, तसंच ठेवलं. म्हनते, लोकायले तेच आवडते."

काकूंनी कमरेचा फोन काढून ऐकवलं. घर बदलायच्या आदल्या रात्री पोरगी कपाटातली एकेक वस्तू मोजते, असं काहीसं गाणं. गळा जाड, जरा चिरका, पण शब्द जिथल्या तिथं बसलेले. आणि मधेच खरंच, उतू गेलेलं दूध. मी आरोहीला इतकी रडले नव्हते, हे मात्र काकूंना सांगितलं नाही. भांडेवाली सांगेलच.

"आता ऐक. तिले वरुडचं स्थळ आलं हाये. पोट्टा चांगला, बगीचा हाये, नोकरी हाये. त्याची माय पहिल्याच दिवशी म्हने, आमाले सून शिकलेली पायजे, पन गान्या-बिन्याचा नाद नको. पोट्टी गप. माही बहीन गप. मी म्हटलं, बरं. चहा झाला. बायायच्या गप्पा सुरू झाल्या. तं ते माय आपला फोन काढते अन् म्हनते, तुमाले येक गानं ऐकवतो, आमच्या तिकडे सगळ्यायकडे हाये हे, आमच्या घरी तं रोज लागते."

नाही!

"हौ. संत्र्याचं चित्र. दूध उतू गेलं अन् त्या खोलीत चौघीजनी येकमेकीकडे पाहून रायल्या. माही बहीन पदर तोंडात घालून आत पळाली."

मग सांगितलं का कोणी?

"कायले? पोट्टी म्हने, आजी, थांब. तिलेच पाहाचं हाये किती दिवस वळखत नाई ते." काकूंनी फोन परत कमरेला खोचला. "आता साखरपुड्याले मी जातो. सगळ्या पाहुन्यायपुढे ते गानं लावतो अन् त्या मायले ईचारतो, वळखा पाहू ईहीनबाई, डब्यात खिरापत कायची?"

मी म्हटलं, काकू, हे आधीच सांगायला हवं. मुलाला तरी. उद्या लग्नानंतर कळलं तर पोरीला त्रास.

"पोट्ट्याले माईत हाये."

कसं?

"खाली कमेंट कोन करते रोज? त्याचं तं पुरं नाव हाये तिथीसा, फोटोसकट."

आणि त्याच्या आईनं साखरपुड्यातही ओळखलं नाही तर?

"तं खिरापत आपनच खाऊ," काकू म्हणाल्या आणि सुनेनं शेंगा नीट सोलल्या की नाही ते पाहायला आत गेल्या.